रिकामी मूस

एका राज्यात काळ्या दगडाचा डोंगर होता. त्याच्या पोटातून एक झरा निघे आणि पायथ्याची सात गावे त्या पाण्यावर जगत. राजा दीपसेन न्यायी होता. त्याची आई उमादेवी त्याच्याहून करारी. नवरा गेला तेव्हा तिने अंगावरचे सोने उतरवले, ते कायमचेच.

एके दिवशी तमोनाथ नावाचा जादूगार दरबारात आला. अंगावर सोनेच सोने, खांद्यावर पोपट, हातात धातू वितळवायची मातीची मूस. तो म्हणाला, डोंगर सोन्याने भरलेला आहे, पण ते सोने लाजरे. साध्या आगीत धूर होऊन जाते. ते माझ्याच मुशीत, माझ्याच हिरव्या जाळावर उतरते. त्याने दगडाची पूड मुशीत टाकली, मंत्र म्हटला. तळाशी हरभऱ्याएवढा सोन्याचा मणी उरला. राजाने तो डोळ्यांजवळ धरला, आणि त्याचे डोळे पिवळे झाले. मग ज्याच्या अंगावर सोने तेवढाच माणूस त्याला दिसू लागला.

सकाळी उमादेवी समोर उभी असताना राजा विचारू लागला, "आईसाहेब कुठे गेल्या?"

"तुझ्यासमोर आहे," ती म्हणाली. राजा भिंतीकडे पाहत राहिला.

सुनांनी विनवले, एक बांगडी तरी घाला.

"मग तो बांगडीला आई म्हणेल," उमादेवी म्हणाली. "मला नव्हे."

गच्चीवरून राजाने डोंगर पाहिला. पायथ्याच्या धनगरांकडे गुंजभर सोने नव्हते, तेव्हा त्याला तिथे कोणीच दिसले नाही. रान मोकळेच आहे, डोंगर फोडा, असा हुकूम त्याने दिला. झरा जाणार, गावे जाणार आणि मुलगाही जाणार, हे उमादेवीने ओळखले. तिने डोंगराच्या दगडाची तीनदा परीक्षा मागितली. आवाज आईचा, राजाला नाही म्हणता येईना.

पहिली परीक्षा राजाच्या पोतदाराची, म्हणजे सोने पारखणाऱ्याची. जिवाजी पोतदार फटकळ माणूस. त्याने दगडाची पूड शिशाबरोबर वितळवली आणि ते शिसे हाडांच्या राखेच्या वाटीत तापवले. शिसे राखेत मुरते आणि सोने असले तर वर उरते. वर काही उरले नाही.

"आंधळा पोतदार," पोपट म्हणाला.

"पेरू खा आणि गप्प बैस," जिवाजी म्हणाला.

तमोनाथ हसला. साध्या आगीला हे सोने दिसणार नाही, हे मी आधीच सांगितले होते, म्हणाला.

दुसरी परीक्षा त्याच्या मुशीत. दगड जिवाजीने स्वतः फोडून आणला, तरी मणी उतरला. दरबार डोलू लागला. जिवाजीने मान खाली घातली.

तेव्हा उमादेवी म्हणाली, "आमटी खारट लागली की मी आधी पाणी चाखते. तिसऱ्या वेळी मुशीत दगड घालू नका."

तमोनाथ म्हणाला, हा माझ्या विद्येचा अपमान आहे. राजा म्हणाला, अपमान असो, जाळ करा.

रिकामी मूस हिरव्या जाळावर बसली. जिवाजीने पोपटाला विचारले, "काय रे, सोने आहे?"

"आहे, आहे," पोपट सवयीने म्हणाला.

आणि मणी उतरला.

राजा गोंधळून चहूकडे पाहू लागला. "सेनापती उठून कुठे गेले? प्रधानही दिसत नाहीत."

दोघे जागच्या जागी होते. सेनापतीने आपले सोन्याचे कडे चाचपले. सोने निघून जाऊन त्याचा नुसता दोरा झाला होता. प्रधानाच्या कानातल्या भिकबाळीची झिजलेली तार तुटून खाली पडली होती. मणी डोंगरातून येत नव्हता. बघणाऱ्यांच्या अंगावरच्या सोन्यातून येत होता.

"दीपसेना," उमादेवी म्हणाली, "मूस फोड."

राजाला मुशीतला मणी दिसत होता. बोलणारी दिसत नव्हती. मग ज्या बाजूने आवाज आला तिकडे त्याने एकदा तोंड वळवले आणि शेजारची गदा उचलून मुशीवर घातली.

मूस फुटली. सोने आपापल्या धन्याकडे परत गेले. तमोनाथाच्या अंगावरचेही गेले, कारण त्यातले त्याचे काहीच नव्हते. उरला तो कुडकुडणारा म्हातारा. त्याला घोंगडी देऊन वेशीबाहेर काढले. पोपट जिवाजीकडे राहिला. हुकूम मागे घेतला गेला, झरा वाहता राहिला.

राजाने डोळे चोळले. पिवळेपणा पाण्यासारखा गळून गेला होता. समोर मोकळ्या मनगटांची एक म्हातारी उभी होती.

"वाळलात, आईसाहेब," तो म्हणाला.

"जेवायला चल," ती म्हणाली.