कानातला फाया

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजे दरबारात बसून रयतेचं सगळं ऐकत असत म्हणतात, तेव्हाची. खरंच ऐकत होते का, ते तुम्हीच ठरवा.

असाच एक राजा होता, मनाने फार हळवा. कुणी रडगाणं गायलं की त्याचा दिवस वाया जायचा. म्हणून दरबारात एक रिवाज पडला होता. सकाळी म्हातारी अत्तरवाली राजाच्या कानात वाळ्याच्या अत्तराचा फाया ठेवायची, राजकवी दोन कडवी म्हणायचा, राजाचा चेहरा खुलायचा आणि मगच फिर्यादी आत सोडायचे.

अत्तरवालीला आपल्या कामाचा अभिमान होता. शिणलेल्या माणसाला जरा सुवास आणि दोन गोड ओळी मिळाल्या की तो पुन्हा उभा राहतो, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. लेक सासरी गेलेल्या बापापाशीसुद्धा ती आपणहून फाया घेऊन जाऊन बसायची.

एकदा तळ्याकाठच्या वस्तीतली माणसं दरबारात आली. राजाच्या हत्तीखान्याची घाण त्यांच्या पिण्याच्या तळ्यात सोडली जात होती. पाणी नासून हिरवं झालं होतं, पोरं आजारी पडली होती. त्यांच्या कपड्यांनाही त्या पाण्याचा वास येत होता.

प्रधानाने त्यांना दारातच अडवलं. "हा वास घेऊन महाराजांपुढे जाणार? ए म्हातारे, यांना आधी अत्तर लाव. आणि तुम्ही कुणी तोंड उघडायचं नाही. तुमचं गाऱ्हाणं कविराज सांगतील, नीट शब्दांत."

हुकूमच तो. अत्तरवालीने निमूटपणे सगळ्यांना फाये दिले. कविराजांनी गाऱ्हाण्याची कविता केली. तळ्याने हिरवा शालू नेसला, म्हणे, आणि तो गजराजांनी दिला. राजा डोलायला लागला. "वा, आमच्या राज्यात तळीसुद्धा नटतात." कवीच्या गळ्यात हार पडला आणि वस्तीच्या माणसांना वाटेला लावलं.

लाज कशी वाटली नाही मेल्यांना? तहानलेल्या माणसाच्या हातावर कापसाचा बोळा ठेवून त्याला घरी पाठवायचं?

दाराशी एका बाईने कानातला फाया काढून अत्तरवालीच्या हातावर ठेवला. "आजी, माझं पोर तीन दिवस उलट्या करतंय. वास चांगला आहे तुमचा. पण त्याला पाजू काय?"

म्हातारीला संताप आला. राग प्रधानाचा होताच, पण त्याहून स्वतःचा जास्त होता. ज्या हातांनी जन्मभर लोकांना विसावा दिला, त्याच हातांनी तिने आज त्यांची तोंडं बंद केली होती. ती तशीच तळ्यावर गेली आणि तिथल्या पाण्याने कुपी भरून घेतली.

दुसऱ्या सकाळी तिने राजाच्या कानात फाया ठेवला. राजा ताडकन उठला. "काय आणलंस हे? मळमळतंय मला."

"तळ्याचा हिरवा शालू, महाराज. काल आपल्याला आवडला होता. वस्तीतली पोरं हेच पितात."

"हिला चाबकाने फोडा," प्रधान गरजला.

"फोडा खुशाल," म्हातारी म्हणाली. "पण आधी प्रधानजींनी या कुपीतला एक घोट घ्यावा."

तिने कुपी पुढे केली. प्रधान दोन पावलं मागे सरला आणि कविराज खाली बघायला लागले. राजा समजायचं ते समजला.

तो पायी तळ्यावर गेला. हत्तीखाना त्याच दिवशी हलला. तळं निवळेपर्यंत वस्तीला नदीचं पाणी वाहून आणायचं काम प्रधानाच्या आणि कविराजांच्या खांद्यावर आलं. रिवाजही उलटा झाला, आधी फिर्याद आणि मग अत्तर. त्या बाईचं पोर वाचलं. पण शेजारच्या घरातली दोन पोरं आदल्या रात्रीच गेली होती. कविता चालली होती तेव्हा ती जिवंत होती.

बोध: सुगंध आणि काव्य शिणलेल्या मनाला विसावा देण्यासाठी असतात, दुसऱ्याचं दुःख झाकण्यासाठी ते वापरणं हे पाप आहे.