पेढ्याआधीचे पाच तारे

दिगंबरशेठच्या मोबाइलच्या दुकानात गर्दी दिसली, की समोर फोनदुरुस्तीचं टेबल मांडून बसलेल्या कुमुदच्या पोटात दुखायचं. शेठचा रिवाजच तसा होता: गिऱ्हाइकाने काउंटरवर उभं राहून नव्या फोनला पाच तारे द्यायचे, मग पेढा आणि मगच बंद खोकं हातात.

एकदा निवृत्त तलाठी अप्पा शिर्के दुकानाच्या पायरीवर थबकले. "कुमुद, माझा फोन दुपारीच मान टाकतो. शेठकडचा नवा घेऊ का गं?"

शेठ आतून गरजले, "तिला काय विचारता? नऊशे लोकांनी पाच तारे दिलेत या फोनला! ती जळते नुसती!"

"जळते, खरंच जळते," कुमुद म्हणाली. "पण शेठ, खोकं उघडायच्या आधीच त्या नऊशे जणांनी तारे दिले कुठल्या फोनवरून?"

"आपापल्या जुन्या फोनवरून!" शेठ बोलून गेले.

"ऐकलंत, अप्पा? नऊशे वेळा चालून दाखवलंय ते जुन्या फोनांनी. आणा तुमचा, बॅटरी बदलून देते."

अप्पा पायरी उतरले. शेठ हातात पेढा घेऊन कुमुदच्या टेबलाकडे बघत राहिले, आणि ती नजर कुमुदला चांगलीच ओळखीची वाटली.