बंद खेळणीघरातला पांगुळगाडा

विषय : बंद खेळणीघरातील पांगुळगाडा, नग क्रमांक तीनशे एक, खोलीची मोहोर तोडून बाहेर काढण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माजी पालक केसोपंत यांचा अर्ज, जांभूळनाथ जादूगार यांचा शाप.

एका राज्यात एक खेळणीघर होते. थोरल्या राजांनी ते हौसेने उभारले. त्यात मातीचे बैल होते, लाखेचे भोवरे होते, अंगठ्याएवढी जाती होती, आणि विचारले तरच बोलणारा एक लाकडी पोपट होता. पालक होते केसोपंत. आलेल्या नगावर क्रमांक घालावा आणि पुढे पाटी लावावी, 'हात लावू नये', अशी त्यांची रीत. तीस वर्षांत एकाही खेळण्याचा टवका उडाला नाही, याचा त्यांना अभिमान होता.

एकदा जांभूळनाथ जादूगाराने स्वतः कोरलेला पांगुळगाडा आणून दिला. म्हणाला, "हा धरून राज्यातली मुलं चालायला शिकोत." केसोपंतांनी पोच दिली आणि पाटी लावली.

पुढे थोरले राजे वारले. धाकट्या राजांना छत्रचामरे ठेवायला जागा हवी होती. खेळणीघर बंद झाले, खेळणी मागच्या खोलीत गेली, आणि दारावर केसोपंतांनी लाखेची मोहोर लावली. त्याच दिवशी जादूगार आपला गाडा पाहायला आला. मोहोर पाहून म्हणाला, "गाडा बसला. आता मुलंही बसतील." आणि निघून गेला.

त्यानंतर राज्यात एकही मूल चालायला लागले नाही. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात आले नाही, कारण पहिल्या वर्षी मुले चालतच नाहीत. दुसऱ्या वर्षी वैद्यांनी तेले दिली. तिसऱ्या वर्षी कडेवर पोरे वाहून आया कमरेत वाकल्या, आणि राजकवींनी त्या डौलावर काव्य केले.

केसोपंतांची नात बकुळा तीन वर्षांची झाली. उंबऱ्याशी बसवली की तिथेच बसून असे.

सून म्हणाली, "मामंजी, माझी पोर तुमच्या मोहरेत अडकलीय. तोडा की ती."

"परवानगी लागते."

"मग हिच्यावरही क्रमांक घाला. पाटी मी लावते."

केसोपंत त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी अर्ज लिहिला, राजवाड्यात दिला, आणि ते जादूगाराकडे निघाले. जादूगाराचा डोंगर दर पंधरवड्याला जागा बदलत असे. त्या पंधरवड्यात तो नदीपलीकडे होता.

जादूगार म्हणाला, "तीस वर्षं खेळण्यांत काढलीस. कधी खेळलास?"

"सेवेत असताना नाही."

"मग तीन कामं कर. भोवरा फिरव. भातुकलीत पोटभर जेव. तिसरं, गाडा नातीच्या हाती दे. दर चुकीला एक बोट लाकडाचं होईल. पौर्णिमेचा सूर्य मावळला, की मुलं कायमची बसली."

पौर्णिमेच्या सकाळी केसोपंत प्रधानजींपुढे उभे राहिले. प्रधानजी म्हणाले, "अर्जाला पालकाचा अभिप्राय जोडलेला नाही."

"पालक मीच होतो."

"ते पद रद्द झालं. पद नाही, म्हणून अभिप्राय नाही. अभिप्राय नाही, म्हणून अर्ज अपूर्ण."

केसोपंतांना यात काही गैर दिसले नाही. त्यांनीही असेच केले असते. ते मागच्या खोलीपाशी गेले. सून बकुळाला कडेवर घेऊन उभी होती. केसोपंतांनी आपल्या हाताने लावलेली मोहोर आपल्या हाताने तोडली. परवानगीआधी काम करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

भोवरा टाकला, तो आडवा पडला. उजवा अंगठा लाकडाचा झाला.

"काय चुकलं?" त्यांनी पोपटाला विचारले.

"दोरी उलटी गुंडाळलीत, पंत."

"आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं नाहीत."

दुसऱ्या खेपेस भोवरा फिरला. मग बकुळाने भातुकली मांडली आणि एवढीशी वाटी पुढे केली. वाटी रिकामी होती. तसा शेरा केसोपंतांच्या ओठांवर आला होता.

"आजोबा, आमटी गरम आहे," बकुळा म्हणाली.

केसोपंतांनी वाटीवर फुंकर घातली. भुरका मारला. "मीठ बेताचं आहे. अजून वाढ," म्हणाले. बोटे शाबूत राहिली.

राहिला गाडा. बकुळाला त्याच्यापाशी बसवले. तिने पाटीकडे पाहिले, मग आजोबांकडे. "हात लावू?"

केसोपंतांनी पाटी काढून सुनेकडे दिली. "लाव."

बकुळा दांडीला धरून उभी राहिली. गाडा खडखडला. छत्रचामरांमधून वाट काढत ती प्रधानजींच्या बैठकीवरून पुढे गेली, आणि त्याच घटकेला राज्यभरची मुले उभी राहून आपापल्या घरातली भांडी पाडू लागली.

"परवानगीवाचून नग बाहेर जाता कामा नये," प्रधानजी म्हणाले.

"अर्ज आपल्यापुढेच आहे."

"त्यावर विचार चालू आहे."

"चालू द्या," केसोपंत म्हणाले, आणि नातीमागे गेले.

शाप सुटला. धाकट्या राजांनी छत्रचामरे मागच्या खोलीत हलवली, खेळणीघर उघडले आणि पालकाचे पद परत दिले. पहिल्याच दिवशी केसोपंतांनी लाकडी अंगठा उमटवून अभिप्राय जोडला : हरकत नाही. गाडा सध्या मुलांकडे असून त्याचे एक चाक निखळले आहे. सदर अर्ज प्रधानजींकडे विचाराधीन आहे.