हात न लागलेलं चीज

पाचगणीच्या आमच्या चीजच्या दुकानात तात्यासाहेब आले, की मालक उठून उभे राहायचे. माणूस तीन संस्थांचा अध्यक्ष. त्या दिवशी त्यांनी साधं, मिरीचं, मेथीचं, धुरावलेलं, अशी चार प्रकारची चीजं चाखली आणि प्रत्येकाला वा वा केलं. मग कापून देणाऱ्या कुसुमला विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

"वाघमारे."

तात्यासाहेबांनी हातातला तुकडा खाली ठेवला, रुमालाने बोटं पुसली आणि मालकांना म्हणाले, "हिचा हात न लागलेलं चीज द्या."

मी शेजारीच पुड्या बांधत होतो. डोक्यात तिडीक गेली. दुकानातलं प्रत्येक चीज तळघरात महिनोन्महिने कुसुमच रोज उलटते, मिठाच्या पाण्याने पुसते. हे मालकांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते फरशीकडे बघत राहिले.

"आहे ना, देते," कुसुम म्हणाली. तिने भोकांच्या चीजची एक चकती कापली, मधल्या मोठ्या भोकाच्या कडेकडेने ती सगळी चवीने खाल्ली आणि रिकामी बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"हे काय?"

"मधलं भोक, साहेब. तेवढ्यालाच माझा हात लागलेला नाही. न्या."

तात्यासाहेब लालबुंद होऊन निघून गेले. कुसुमने दुसरी चकती कापून मालकांपुढे धरली.

"हात माझाच आहे. चालेल ना?"

मालकांनी ती घेतली. मान मात्र त्यांना वर करता आली नाही.