वाघजाईची माळलेली शेवंती

या मंडळी, चपला त्या पायरीशी काढा. वाघजाईच्या देवळामागे ही जी बारीक, तांबूस-पिवळी शेवंती दिसते ना, तिला इथे 'ठकूची शेवंती' म्हणतात. बाकीच्या शेवंत्या दिवाळीपासून मिरवून थकतात, तेव्हा पौषात ही सावकाश डोळे उघडते. दिसायला साधी आहे, पण मान मोठा.

फार जुनी गोष्ट. इथे भिवरा नावाची माळीण होती. तिच्या लेकीने, ठकूने, परसातल्या जुन्या, वाळलेल्या शेवंतीच्या मुळाशी फुटलेला एक कोंब लावला आणि लेकरासारखा वाढवला. पण पहिली कळी धरायच्या आतच तिचं लग्न होऊन ती घाटापलीकडे गेली. निघताना रडत म्हणाली, "आये, मी येईस्तोवर हिला फुलू देऊ नगं."

पोर बोलून गेली, आईने ते मनावर घेतलं. शेंडा खुडला की शेवंती नवे फुटवे काढते आणि फुलणं लांबवते. भिवरा खुडत राहिली. तिकडे ठकूची सासू अंथरुणाला खिळलेली. दिवाळीला निरोप आला, येणं होत नाही.

कार्तिकी पौर्णिमेला देवीला पहिलं फूल भिवराच्या परसातलं जायचं. त्या वर्षी परसात ठकूचं एकच रोप, तेही खुडलेलं; फूल गेलं नाही. गाव खवळलं. पाटील म्हणाले, "पौषी पुनवेला फूल आलं नाही, तर झाड उपटू आणि तुझा मानही काढून घेऊ." भिवरा देवीपुढे बसली. "बाई, तुझंबी म्हायेर घाटापल्याडच. तुला काय सांगू?" त्या दिवसापासून तिने खुडणं सोडलं. कळ्या धरल्या, पण म्हणे एकही उमलेना.

पुनवेच्या सकाळी गाव परसात जमलं. तेवढ्यात घाट उतरून ठकू आली, धुळीने माखलेली. तिने रोपावरून हात फिरवला आणि एक कळी उमलली, असं सांगतात. भिवराला ना देवी आठवली ना पाटील. तिने ते फूल खुडून सरळ लेकीच्या अंबाड्यात खोवलं.

"देवीच्या आधी?" सगळे ओरडले. घाबरलेल्या ठकूने फूल काढून देवळात नेलं. आता माळलेलं फूल देवाला चालतं का कुठे? गुरवाने कौल लावला. फूल देवीच्या कपाळी चिकटवलं. उजवीकडे पडलं तर होकार. ते उजवीकडे पडलं. गुरवाच्याही डोळ्यांना पाणी आलं म्हणे.

आजही ही शेवंती पौषातच फुलते. घरोघरी तिचेच फुटवे आहेत. पहिलं फूल माहेरी आलेली लेक माळते, मगच ते देवीला चढतं. एखाद्या वर्षी कुणीच आली नाही, तर फूल झाडावरच राहतं. यंदा राहिलंय, ते बघा.

बाई, मघाशी पायऱ्या चढताना तुम्ही म्हणालात, माहेरच्या घराला आता कुलूप असतं. अहो, देवी गाव विचारत नाही. या अशा पुढे, डोकं जरा खाली करा.