टोपली विणायला लागतो तेवढा वेळ

एकदा एक तरुण शिष्य आपला पहिला चित्रपट घेऊन गुरूंकडे आला. चित्रपटांचे संकलन करण्यात आणि ते शिकवण्यात गुरूंचे आयुष्य गेले होते. चित्रपटात होते शिष्याचे वडील. ते बुरूडकाम करीत. दीड तासात ते एक टोपली विणतात, बाकी काही घडत नाही. त्यांचे हात आता थरथरू लागले होते. ही बहुधा त्यांची शेवटचीच टोपली. ती गावातल्या चित्रपटगृहात लोकांनी पाहावी, एवढीच शिष्याची इच्छा होती.

चित्रपटगृहाचा मालक व्यापारी होता. तो म्हणाला, "दीड तास टोपली? लोक खुर्च्या मोडतील माझ्या! वीस मिनिटांत बसवा, लावतो." शिष्याने जड मनाने कात्री चालवली. बांबूच्या चोया पाण्यात भिजेपर्यंत वडील अंगणात नुसते बसून राहतात, तो भाग सर्वांत आधी गेला.

वीस मिनिटांचा चित्रपट पाहून व्यापारी खूश झाला. "झकास! रविवारी लावू." शिष्याचा जीव भांड्यात पडला. तोच गुरू म्हणाले, "शेठ, आता मोठाही पाहून घ्या." होत आलेले काम गुरुजी का बिघडवताहेत, हे शिष्याला कळेना.

गुरूंच्या शब्दाखातर व्यापारी बसला. त्याने जांभया दिल्या, दोनदा फोन पाहिला, एकदा उठून पाणीही पिऊन आला. पडद्यावर चोया भिजत होत्या आणि वडील गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. एक कोंबडी आली, गेली. व्यापाऱ्याची चुळबुळ थांबली. मग शेवटपर्यंत तो हलला नाही.

दिवे लागल्यावर तो म्हणाला, "माझी आई अशीच बसायची. दुपारची भांडी झाली की, दाराशी. ती जाऊन वीस वर्षं झाली, पण अशी कधी आठवलीच नव्हती." त्याने डोळे पुसले. "मोठाच लावू. जाणारे जातील."

बाहेर आल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, एवढे धाडस आपण कशाच्या भरवशावर केलेत?"

"भरवसा कसला! शेठ पाणी प्यायला उठले, तेव्हा मलाही वाटले, बुडाले काम," गुरू हसून म्हणाले. "पण बाळा, पडद्यावर सारखे काही घडत राहिले, की आपण त्याच्या मागे धावत राहतो. तुझे वडील नुसते बसून राहिले, म्हणून शेठना आईपाशी जायला सवड मिळाली. नेमकी तीच तू कापून टाकली होतीस."

रविवारी निम्मे प्रेक्षक मध्येच उठून गेले. उरलेले टोपलीचा शेवटचा वेढा पुरा होईपर्यंत बसले. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतल्या वडिलांनी मागे वळून त्या लोकांकडे पाहिले आणि ते बराच वेळ पाहतच राहिले.

"पन्नास वर्षं टोपल्या केल्या," ते म्हणाले. "लोकांनी टोपल्या बघितल्या, नेल्या. माझ्यापाशी एवढा वेळ कुणी बसलं नव्हतं रं पोरा."

शिष्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले.