कणगीपुढे गप्प राहिलेला सुतार

फार फार जुनी गोष्ट आहे. तुमच्या पणजोबांना ज्यांनी गोष्टी सांगितल्या, त्यांच्याही आधीची. एका डोंगराच्या पायथ्याशी गाव होतं आणि त्या गावात एक सुतार होता. बारा वर्षं त्याने दुसऱ्याच्या हाताखाली रंधा मारला. मग एके दिवशी त्याने ठरवलं, आता आपलं आपण काम घ्यायचं. लोकांची घरं दुरुस्त करायची, कुजक्या तुळया बदलायच्या, दारं-खिडक्या बसवायच्या.

त्या गावची एक रीत होती. चावडीमागे कारागिरांची सामाईक कणगी होती. नवं काम घेणाऱ्याने तिच्यात पायलीभर जोंधळे टाकायचे आणि सर्वांत म्हाताऱ्या गवंड्यासमोर मोठ्याने सांगायचं, की या कामात काय काय बिघडू शकतं. पुढे खरंच तसं बिघडलं, तर ज्याचं नुकसान झालं त्याला ती कणगी पोसायची, आणि सगळे कारागीर मिळून त्याचं घर पुन्हा उभं करायचे.

सुतार जोंधळे घेऊन गेला. एका कोष्टिणीच्या घराची तुळई बदलायची होती.

"बोल बाबा," म्हातारा गवंडी म्हणाला, "काय बिघडू शकतं?"

सुताराला बाप आठवला. बापही सुतारच. एका सकाळी घरातून निघताना तो हसत म्हणाला होता, "आज आढ्यावरून पडलो नाही म्हणजे मिळवली." संध्याकाळी चौघांनी त्याला उचलून आणलं. आई ऊर बडवून म्हणाली, "वास्तूने तथास्तु म्हटलं हो." तेव्हापासून सुताराने वाईटाचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"माझ्या हातून काही बिघडत नाही," तो कसाबसा म्हणाला, आणि पायली तशीच घरी घेऊन आला. लोकांना वाटलं, काय हा गर्व! गर्व कसला, ती तर भीती होती.

दुसऱ्या दिवशी तो कोष्टिणीच्या घरी माळ्यावर चढला. वरून पाहतो तर मागची भिंत ओलीने फुगलेली. भिंतीला टेकू द्यायला हवा होता, आणि खाली मागावर बसलेल्या कोष्टिणीला बाहेर पाठवायला हवं होतं. पण बाहेर जा म्हटलं, की ती विचारणार, का? मग सांगावं लागणार, की भिंत पडेल. आणि घरात उभं राहून असं बोललं, आणि वास्तूने ऐकलं तर?

तो गप्प राहिला. जुनी तुळई सोडवताना प्रत्येक कुरकुरीला तो थांबून कान देत होता. भिंतीतून माती झरू लागली. खाली धोट्याचा खटखट आवाज चालूच होता. सुताराचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. आणि भिंत बसली.

कोष्टीण वाचली. माग मोडला, घर उघडं पडलं, आणि धोटा फेकणारा तिचा उजवा हात मनगटापासून निकामी झाला.

सुतार कणगीपुढे जाऊन रडला. म्हातारा गवंडीही डोळे पुसत म्हणाला, "बाबा, ही माझ्या एकट्याची असती तर आत्ता उघडली असती. पण जे हिच्यापुढे बोललं गेलं नाही, त्याला ही बांधील नाही. अशी एकदा उघडली, तर उद्या हिच्यात कुणी जोंधळे टाकणार नाही."

सुताराने आपलं राहतं घर कोष्टिणीला दिलं आणि बायकोला घेऊन गोठ्यात राहिला. घराची चावी देताना तो मान वर करू शकला नाही. कोष्टीण एवढंच म्हणाली, "नुसतं 'जरा बाहेर बस' म्हणाला असतास, तर बसले असते रे."

ते वाक्य त्याला जेवू देईना. दोन वर्षं तो त्याच गवंड्याच्या हाताखाली चिखल तुडवत होता, कारण त्याला कामाला बोलवायची कुणाची छाती नव्हती. मग एक दिवस तो पुन्हा पायली घेऊन कणगीपुढे उभा राहिला. कोष्टिणीचं पडकं घर बांधायचं होतं.

"भिंत पडेल," तो म्हणाला. "तुळई निसटेल. मी पडेन. माणूस मरेल." त्याने जोंधळे ओतले. मग जाऊन भिंतींना टेकू दिले, आणि कोष्टिणीला समोरच्या लिंबाखाली बसवलं. घर उभं राहिलं, कुणाला खरचटलंही नाही.

"आता भीती वाटत नाही ना?" गवंड्याने विचारलं.

"वाटते तर. पण आता ती माझ्या एकट्याची नाही."

कोष्टीण आपल्या घरात परत गेली. माग पुन्हा बसवला, पण त्यावर आता तिची सून विणते. कोष्टीण शेजारी बसून डाव्या हाताने सूत गुंडाळते.

म्हणून म्हणतात, संकटाचं नाव घेतल्याने संकट येत नाही. नाव न घेणाऱ्याला मात्र ते बेसावध गाठतं.